रक्कम बरोबर होती, मग अन्याय झाल्यासारखे का वाटले?

विदर्भातल्या जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, काम दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि कापसाची आवक आटली की उन्हाळ्याच्या तोंडावर थांबते. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका जिनिंगमध्ये १२ हंगाम रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकण्याचे काम केलेल्या एका बाईंनी गुडघे साथ देईनात म्हणून काम सोडले आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, मागितली. कामगार संघटनेने त्यांच्या वतीने मागणीपत्र दिले. ३०० रुपये रोज, वर्षाचे १५ दिवस, १२ वर्षे, असे एकूण ५४,००० रुपये त्यात लिहिले होते. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात दोन तारखा पडल्या आणि तिसऱ्या तारखेला २५,२०० रुपयांवर वाद मिटला. सह्या झाल्या, धनादेश हातात पडला. बाहेरच्या व्हरांड्यात बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "चोपन हजार लिवले होते न भाऊ तुमीच? मंग हे पंचवीसच कसे? बाकीचे कुठं गेले?"

हिशेब कायद्याने चोख होता. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यानुसार बारमाही कारखान्यातल्या कामगाराला दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळते, पण हंगामी कारखान्यात हंगामापुरते काम करणाऱ्याला दर हंगामामागे ७ दिवसांचे मिळते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच आहे. ३०० रुपयांप्रमाणे ७ दिवस आणि १२ हंगाम म्हणजे बरोबर २५,२०० रुपये. मालकाने त्यातला एक रुपया बुडवला नव्हता आणि मधल्या कोणी तो खाल्लाही नव्हता. मागणीपत्रातला १५ दिवसांचा आकडा घासाघिशीला जागा राहावी म्हणून टाकलेला होता. ते पत्र मी लिहिले होते. संघटनेच्या कार्यकर्त्याने सांगितले आणि मी कागदावर उतरवले. ७ दिवसांचा नियम आम्हा दोघांनाही ठाऊक होता, आणि तो बाईंना आधी सांगावा, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नाही. बाईंचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही. कामाच्या वादात आपल्या वतीने बोलणारा माणूस न्यायाच्या भावनेवर किती खोल परिणाम करतो, हे मला तेव्हा कळले. त्याविषयी जे पुढे वाचले आणि पाहिले, ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत येथे मांडतो.

न्याय झाला की नाही हे माणूस केवळ हाती आलेल्या रकमेवरून ठरवत नाही. निर्णय कोणत्या रीतीने झाला, त्यात आपले म्हणणे आले का, आणि आपल्याला माणसासारखे वागवले का, हेही तो तोलून पाहतो. जॉन थिबॉ आणि लॉरेन्स वॉकर या अमेरिकी अभ्यासकांनी १९७५ मध्ये मांडलेल्या संशोधनातून ही गोष्ट पुढे आली. निर्णय कोणीही दिला तरी चालेल, पण पुरावा आणि बाजू मांडण्याची सूत्रे आपल्या किंवा आपल्या माणसाच्या हाती असली, तर माणसांना ती पद्धत जास्त न्याय्य वाटते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. विशेष म्हणजे ज्यांच्या विरोधात निकाल गेला, त्यांनाही तसे वाटले. त्या प्रयोगांत पक्षकारांची बाजू त्यांचे प्रतिनिधीच मांडत होते, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडूनही माणसाला 'मी बोललो' असे समाधान मिळू शकते, हे त्यातून ध्यानात येते.

आपल्याकडे हे कोणाला प्रयोग करून दाखवावे लागत नाही. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. मधेच त्याने काम सोडले किंवा मालकाने त्याला काढले, तर उचलीचे किती फिटले आणि किती राहिले यावरून वाद होतो. मग गावात चार माणसे बसवतात. त्या चौघांत गड्याच्या बाजूने बोलणारा कोणी असला आणि त्याने "पोरगं आजारी होतं म्हणून हा पंधरा दिवस आला नाही, खाडे उगीच केले नाहीत," एवढे एक वाक्य मांडले, तर पंचांनी ते पंधरा दिवस कापले तरी गडी फारशी कुरकुर न करता उठतो. तेच वाक्य कोणी मांडलेच नाही, तर खाडे माफ होऊनही तो वर्षभर पारावर सांगत राहतो की आपले कोणी ऐकून घेतले नाही.

प्रतिनिधी जिथे येतो तिथे ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते, कारण कामगाराचे म्हणणे मालकापर्यंत किंवा अधिकाऱ्यापर्यंत जाण्याआधी एका माणसातून जाते. सरकारी कागदाची मराठी आणि रेच्यापाशी बोलली जाणारी वऱ्हाडी यांत मोठे अंतर आहे. "मले मुकादमानं सांगतलं का उद्यापासून येऊ नको" हे वाक्य अर्जात "अर्जदारास कोणतीही लेखी पूर्वसूचना न देता सेवेतून कमी करण्यात आले" असे होते. कायद्याच्या दृष्टीने दुसरे वाक्य जास्त उपयोगाचे आहे, यात शंका नाही. परंतु मुकादमाने ते सगळ्यांसमोर, डबा खाताना, नावाने हाक न मारता सांगितले होते, आणि कामगाराच्या मनात सलणारी गोष्ट तीच होती. अर्जातून ती गळली की पुढे सुनावणीत, तडजोडीत आणि निकालात ती कुठेच येत नाही. अशा माणसाला मागील पगार आणि काम दोन्ही परत मिळाले तरी आपला वाद कोणी दुसराच लढला असे वाटत राहते. अर्ज लिहिताना तो एक प्रसंग चार ओळींत, शक्य तितका त्याच्याच शब्दांत ठेवला, तर कायद्याचे काही बिघडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मागणीपत्रातल्या आकड्याचाही असाच परिणाम होतो. घासाघीस म्हटली की पहिला आकडा चढा ठेवायचा, हे बाजारात सगळ्यांना कळते. बैल घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते की सांगितलेली किंमत खरी नव्हे. कामगाराला मात्र मागणीपत्र ही बोली वाटत नाही. शिक्का मारलेल्या कागदावर त्याच्या नावापुढे रक्कम लिहिली गेली की ती त्याच्या हक्काची होते, आणि तडजोडीतली प्रत्येक कपात त्याला आपल्या खिशातून गेल्यासारखी वाटते. मालकाशी घासाघीस करण्यासाठी ठेवलेला चढा आकडा अशा रीतीने आपल्याच माणसाच्या मनात तोट्याची मोजपट्टी होऊन बसतो.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींनी त्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, अहमदाबादच्या गिरणी कामगारांचे नेतृत्व केले होते. कामगारांची इच्छा ५० टक्के वाढ मागण्याची होती, तर मालक २० टक्क्यांवर ठाम होते. गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजुरीची आणि महागाईची माहिती गोळा करून ३५ टक्के हा आकडा योग्य ठरवला, कामगारांना तो पटवला आणि त्यानंतरच लढ्याची प्रतिज्ञा घ्यायला लावली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होत असे आणि लढ्याची बाजू समजावणारी पत्रके वाटली जात. गांधीजींच्या उपासानंतर जी तडजोड झाली तिच्यात पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी २० आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के वाढ द्यायची, अशी विचित्र वाटणारी मांडणी होती. तिच्यात पहिल्या दिवसाने कामगारांची प्रतिज्ञा राखली गेली आणि दुसऱ्या दिवसाने मालकांचा शब्द. पुढे लवादाने ३५ टक्केच दिले. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की आकडा खाली आणण्याचे अवघड बोलणे प्रतिनिधीने आपल्या माणसांशी लढ्याच्या आधी केले. आम्ही ते बाईंशी व्हरांड्यातही धड करू शकलो नाही.

प्रतिनिधी कोणाशी कसा बोलतो, हेही कामगार बारकाईने पाहत असतो. तारखेच्या दिवशी संघटनेचा कार्यकर्ता आणि जिनिंगचा मॅनेजर टपरीवर एकत्र चहा घेताना दिसले, की आत काय बोलणे झाले याला महत्त्व उरत नाही. त्यात प्रत्येक वेळी काळेबेरे असते असे मुळीच नाही. मार्क गॅलंटर या अभ्यासकाने १९७४ मध्ये न्यायव्यवस्थेत येणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक पुन्हा पुन्हा येणारे आणि दुसरे आयुष्यात एखाद्या वेळीच येणारे. मालकाचा वकील, मॅनेजर, अधिकारी आणि संघटनेचा कार्यकर्ता हे सगळे पहिल्या प्रकारातले असतात. त्यांना पुढच्या महिन्यातही एकमेकांसमोर बसायचे असते, म्हणून त्यांच्यात बोलण्याचा एक सराव तयार होतो. कामगार मात्र दुसऱ्या प्रकारातला असतो. त्याच्यासाठी ही एकच तारीख असते, एका दिवसाची मजुरी बुडवून आणि एसटीचे तिकीट काढून गाठलेली. या सरावाचा कामगाराला फायदाही होतो, कारण ओळखीमुळे कागद लवकर हलतात आणि बोलणी तुटत नाहीत. त्याच सरावामुळे प्रतिनिधी एका प्रकरणात सैल सोडून दुसऱ्यात घट्ट धरतो, असाही धोका आहे. आत काय बोलणे झाले हे बाहेर येऊन लगेच सांगितले, तर संशयाला जागा फार कमी राहते. दहा मिनिटांचे हे काम बहुतेक वेळा एसटी चुकू नये म्हणून राहून जाते.

कारखान्यातल्या चौकशीत तर प्रतिनिधीचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. एखाद्या कामगारावर चोरीचा किंवा बेशिस्तीचा आरोप ठेवला, की आरोपपत्र देऊन त्याची खातेनिहाय चौकशी करावी लागते. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांनुसार, त्याला स्वतः बाजू मांडता येते, किंवा आपल्याच विभागातल्या सहकाऱ्याकडून अथवा ज्या संघटनेचा तो सभासद आहे तिच्या पदाधिकाऱ्याकडून बचाव करून घेता येतो. वकील लावण्याचा हक्क सहसा नसतो. मात्र मालकाने कायदा शिकलेला माणूस आपल्या बाजूने उभा केला असेल, तर कामगाराला वकील नाकारणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९८३ मध्ये छापून आलेल्या निकालात स्पष्ट केले आहे.

मी पाहिलेली एक चौकशी जिनिंगच्या कचेरीत, वजनकाट्याशेजारच्या खोलीत झाली. पंख्यामुळे रुईचे तुसे टेबलावर फिरत होते आणि चौकशी अधिकारी मधूनमधून ते फुंकून टाकत होते. आरोप होता की एका हमालाने सरकीची दोन पोती गाडीत जास्त चढवली. त्याने बचावासाठी आपल्याच टोळीतला एक जण आणला होता. त्या सहकाऱ्याला सगळे माहीत होते. पोती कोणी मोजली, पावती कोणी फाडली, त्या दिवशी काटा बंद होता, हे सगळे त्याने आदल्या रात्री मला सांगितले होते. खोलीत मात्र तो हातातली टोपी चुरगळत बसला आणि तीन तासांत एकही प्रश्न विचारू शकला नाही. त्याच्या न बोलण्याचा दोष मी त्याला देत नाही. हंगाम संपल्यावर पुढच्या दिवाळीला कोणाला बोलवायचे हे मुकादम ठरवतो, आणि मुकादम त्याच खोलीत साक्षीला बसला होता. कागदावर त्या हमालाला प्रतिनिधी मिळाला होता, कायद्याची अट पुरी झाली होती, आणि तरीही तो त्या खोलीत एकटाच होता.

म्हणूनच बाहेरच्या कार्यकर्त्याची गरज पडते. कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्यानेही बाहेरच्या पदाधिकाऱ्यांना जागा ठेवली होती. २००१ च्या दुरुस्तीनंतर संघटित उद्योगांतल्या संघटनेत त्यांची मर्यादा एकतृतीयांश किंवा ५ यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी झाली, असंघटित क्षेत्रात मात्र निम्म्यापर्यंत राहिली. बाहेरच्या माणसाला मुकादमाची भीती नसते, ही त्याची ताकद आहे. त्याला काटा बंद होता हे ठाऊक नसते, ही त्याची उणीव आहे. आतला आणि बाहेरचा असे दोघे मिळून तयारी करतात तेव्हाच काम साधते. आतल्याने रात्री सांगायचे आणि बाहेरच्याने सकाळी विचारायचे, असा हा जोड आहे. हमालाच्या प्रकरणात पुढच्या तारखेला तेच केले आणि काट्याच्या नोंदवहीची मागणी झाली.

मालकाच्या बाजूनेही न्यायाची भावना असते, हे आपण कामगारांच्या बाजूचे लोक पटकन विसरतो. लहान जिनिंगचा मालक बऱ्याचदा गावातलाच असतो आणि कामगाराच्या मुलीच्या लग्नाला त्याने उचल दिलेली असते. त्याच्या दारात अनोळखी माणूस फाइल घेऊन आला, की त्याला वादापेक्षा त्या माणसाचे येणेच जास्त टोचते. पहिल्या भेटीत कायद्याची कलमे न वाचता हजेरीपट मागणारा प्रतिनिधी अशा मालकालाही रास्त वाटू शकतो.

आता या सगळ्याची दुसरी बाजू सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. न्याय झाल्यासारखे वाटणे आणि न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलन लिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना कामाचे उद्दिष्ट ठरण्याआधी मत मांडू दिले, काहींना उद्दिष्ट ठरून गेल्यावर मांडू दिले आणि काहींना मांडूच दिले नाही. ज्यांचे आधी ऐकले त्यांना पद्धत सर्वांत न्याय्य वाटली. पण ज्यांच्या मताचा आता काहीच उपयोग नव्हता, त्यांनाही मत न मांडलेल्यांपेक्षा ती जास्त न्याय्य वाटली. याचा अर्थ गोड बोलणारा, मान हलवून ऐकून घेणारा प्रतिनिधी कमी रकमेवरही माणसाला समाधानी घरी पाठवू शकतो. मी असे प्रतिनिधी पाहिले आहेत. त्यांच्याकडून आलेला कामगार हसत असतो, आणि हिशेब मांडला की त्याचे निम्मे हंगामच धरलेले नसतात. त्यामुळे भावनेला कागदाची जोड हवीच. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत जिनिंग जितके दिवस चालले त्याच्या किमान ७५ टक्के दिवस हजेरी असली तर तो हंगाम सलग सेवेत धरला जातो. म्हणून हजेरीकार्ड, चुकाऱ्याची पावती, बँकेचे पासबुक यांतल्या तारखा प्रतिनिधीने कामगारासमोर बसून मोजल्या पाहिजेत आणि कामगारानेही त्या मोजून मागितल्या पाहिजेत.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सदस्य समान असावेत, एकूण १० पेक्षा जास्त नसावेत, आणि कामगारांत स्त्रियांचे जे प्रमाण आहे त्याहून समितीत त्या कमी नसाव्यात, असे तिच्यात म्हटले आहे. जिनिंगमध्ये बायांची संख्या मोठी असते, म्हणून ही शेवटची अट आपल्याकडे फार मोलाची आहे. आणखी एक तरतूद प्रतिनिधीच्या जबाबदारीशी थेट जोडलेली आहे. समितीचा निर्णय बहुमताने होत असला, तरी कामगारांच्या सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी होकार दिला नसेल तर निर्णय झालाच नाही असे मानले जाते. म्हणजे समितीत बसलेल्या रेच्यावरच्या बाईच्या मानेला कायद्याने वजन दिले आहे. ती मान मुकादमाकडे पाहून हलली, तर ते वजन मालकाच्या पारड्यात पडते.

त्या ग्रॅच्युइटीच्या प्रकरणानंतर आम्ही लिहिण्याची रीत बदलली. मागणीपत्रात कायद्याने बसणारी रक्कम आणि तिच्यावरचे व्याज एवढेच लिहितो, आणि सही घेण्याआधी सगळा कागद वऱ्हाडीत सांगतो. त्यामुळे घासाघिशीत हात बांधले जातात, अशी तक्रार कार्यकर्ते करतात, आणि ती अगदीच खोटी नाही. गेल्या हंगामाच्या शेवटी एका कामगार बाईंच्या अंगणात असाच कागद वाचून दाखवत होतो. त्या गव्हातले खडे वेचता वेचता ऐकत होत्या. "एकूण ९ हंगाम" असे मी वाचल्यावर त्यांचा हात थांबला. "नऊ नाही भाऊ, धा," त्या म्हणाल्या. "माहा लहाना पोट्टा झाला त्या साली मी उशिरा गेली होती, पण गेली होती. कारड हाय माह्यापाशी." त्या आत गेल्या, पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले हजेरीकार्ड घेऊन आल्या, आणि आम्ही दोघांनी अंगणात बसून त्या वर्षाचे दिवस मोजायला सुरुवात केली.